कोकणात गाडीचे टायर कुठे घ्यावेत: कुडाळ, कोल्हापूर की गोवा?

गेल्या मे महिन्यात पंक्चर काढायला गेले. पंक्चरवाल्या पोराने चाक फिरवून आतली कड दाखवली आणि म्हणाला, "बाईनू, तार दिसाक लागली. घाटात जाव नकात." बाहेरून बघितलं तर नक्षी बरी होती. आतल्या बाजूने टायर पार गोटा झाला होता. तिथून पुढचे पंधरा दिवस मी टायर या एकाच विषयावर जगले. चार दुकानं फिरले, कोल्हापूरला आणि म्हापशाला फोन झाले, एकदा फसलेही. शाळेत आता कुणालाही टायर घ्यायचे असले की ते माझ्याकडे येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

माझी गाडी २०१६ ची स्विफ्ट. रोज कुडाळहून मालवण रस्त्याने शाळा आणि महिन्यातून एखादी घाटावरची फेरी. तुमची गाडी वेगळी असली तरी क्रम हाच राहील.

सोबत काय लागेल

- टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांचा फोटो
- ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या खांबावर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं, त्याचा फोटो
- आरसी (मोबाइलमधली चालते) आणि गाडीचं आजचं रीडिंग
- मागच्या टायरचं बिल, असेल तर
- अलॉय व्हीलला लॉक नट असतील तर त्याची चावी. ही घरी विसरून परत आलेले दोन जण मला माहीत आहेत.
- छोटी टॉर्च. ती का, ते सहाव्या पायरीत कळेल.

१. आधी बघा, टायर संपलाय की झिजवला गेलाय

नव्या टायरच्या खाचा साधारण आठ मिलिमीटर खोल असतात. खाचेच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे दिसतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की कायद्यानेच टायर बाद. पण आपल्याकडच्या पावसात तिथवर थांबू नका. खाचांचं काम पाणी बाहेर फेकणं आहे. त्या उथळ झाल्या की महामार्गावर साचलेल्या पाण्यावरून गाडी अक्षरशः तरंगते, आणि तेव्हा स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. खाच तीन मिलिमीटरवर आली असेल आणि मे चालू असेल, तर मी टायर बदलते.

झीज कुठे झालीय तेही बघा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली गेलीय. मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त होती. माझ्यासारखी एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडलंय किंवा खालचा एखादा पार्ट ढिला आहे. हे दुरुस्त न करता नवे टायर घातलेत तर तेही तसेच जातील.

टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत. त्याला दुरुस्ती नाही. आपल्या रस्त्यांवर डांबराच्या कडेला साइडपट्टी खचलेली असते. समोरून एसटी आली की आपण चाक खाली उतरवतो आणि परत वर घेताना डांबराची धारदार कड टायरच्या पोटाला लागते. फुगा येतो तो बहुतेक असाच.

२. टायरवरचे आकडे वाचायला शिका

माझ्या टायरवर १६५/८० आर १४ ८५ टी असं आहे. १६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल, १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८५ हा भाराचा अंक, म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग.

फोनवर "स्विफ्टचे टायर कितीला?" असं विचारू नका. त्याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतात आणि त्यांचा भाव वेगळा. पूर्ण आकडा सांगा. दुकानदाराचा सूरच बदलतो, हा माझा अनुभव आहे. पहिल्या दुकानात मला "साहेबांना फोन करायला सांगा" असं ऐकावं लागलं होतं. दुसऱ्या दुकानात मी आकडा वाचून दाखवला, तर लगेच तीन कंपन्यांचे भाव हातात आले.

"मॅडम, एक साइज रुंद टाका, गाडी चिकटून चालते" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. मायलेज घटतं, स्पीडोमीटर चुकू शकतो, आणि वळताना टायर आत घासला तर तो भुर्दंड आपलाच.

३. कुठे कुठे मिळतात

आपल्याकडे पाच ठिकाणं आहेत.

एकाच कंपनीची शोरूम. एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन अशा बहुतेकांची अशी दुकानं महामार्गालगतच्या गावांत दिसतात. माल ताजा असण्याची शक्यता जास्त, आणि वॉरंटीचं काम सरळ होतं. भावात मात्र फार हलत नाहीत.

सगळ्या कंपन्यांचे टायर ठेवणारा डीलर. घासाघीस करायची ती इथे. पण खप कमी असलेल्या साइजचा माल त्याच्याकडे जुना पडलेला असू शकतो.

गाडीच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर. सोयीचं, पण भाव एकदा बाहेर विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

ऑनलाइन. भाव चांगला दिसतो. ऑर्डर देण्याआधी आपला पिनकोड टाकून "फिटिंग कुठे" ते बघा. मी पाहिलं तेव्हा सर्वांत जवळचं फिटिंग सेंटर घाटापलीकडे निघालं. टायर घरपोच घेऊन गावातल्या दुकानात बसवता येतात, पण दुसरीकडचा माल म्हटलं की बसवणावळ वाढते आणि पुढे काही झालं तर तो दुकानदार हात वर करतो. त्याचंही काही चुकत नाही.

पाचवं ठिकाण म्हणजे जुने टायर विकणारे. यात रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले, आले, गोटा टायरला पुन्हा खाचा कापून काळं पॉलिश मारलेलेही आले. कारसाठी घेऊच नका. आंबोलीच्या उतारावर ब्रेक मारताना पायाखाली काय आहे हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

४. भाव विचारताना एकच प्रश्न, सगळ्यांना सारखा

या पायरीवर वेळ घालवा, पैसे वाचतात ते इथेच. मी हा मेसेज सगळ्यांना पाठवला:

"१६५/८० आर १४ ट्यूबलेस, चार नग. कंपनी आणि मॉडेलचं नाव सांगा. जीएसटीसह, पक्क्या बिलाचा भाव. फिटिंग, बॅलन्सिंग, वजनं, नवे वॉल्व्ह, अलाइनमेंट यात धरलंय का? जुन्या चार टायरचे किती वजा कराल? माल कोणत्या आठवड्यातला आहे?"

(बॅलन्सिंग म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाक न थरथरता फिरेल असं करणं.) निम्म्यांनी उत्तर दिलं नाही. ते आपोआप गळले.

आता माझ्या वहीतला हिशेब बघा. आकडे समजायला सोपे म्हणून गोल केलेत, तुमचे वेगळे येतील. गावातला डीलर: टायर ४,८०० रुपये, चार नगांचे १९,२००. फिटिंग, बॅलन्सिंग, वॉल्व्ह त्यातच. अलाइनमेंट ४००. जुन्या टायरचे नगाला २०० प्रमाणे ८०० वजा. एकूण १८,८००.

कोल्हापूर: टायर ४,४५०, म्हणजे चारचे १७,८००. ऐकायला १,४०० रुपयांनी स्वस्त. पण फिटिंग २००, बॅलन्सिंग आणि वजनं ४००, वॉल्व्ह २००, अलाइनमेंट ५००, आणि जुने टायर "ठेवून जा, आम्ही टाकून देतो". एकूण १९,१००. गाडी अजून घाट चढलेलीही नाही.

जीएसटीचं एक सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ५,००० असेल तर पूर्वी ६,४०० पडायचे, आता ५,९०० पडतात. म्हणून शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी काय दिले त्यावरून भाव ठरवू नका, आणि बिलावर कराचा दर वाचा. "बिल नको असेल तर कमी करतो" हे वाक्य येणारच. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही. तो कर तुमचा नाही, त्याचा वाचतोय.

५. कोल्हापूर, गोवा की गाव?

कुडाळहून कोल्हापूर जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या वर. लिटरला अठरा धरले तर चौदा लिटर पेट्रोल, म्हणजे दीड हजाराच्या आसपास. वर चहा-मिसळ. कामासाठी जाणारच असाल तर जरूर भाव विचारा, मोठं मार्केट आहे, एखाद्या साइजचा ताजा माल तिथेच मिळेल. केवळ टायरसाठी जाणं मला परवडलं नसतं, ते वर दिसलंच. शिवाय झिजलेल्या टायरवर फोंडा घाट चढून नवे टायर आणायला जाणं यात काही शहाणपण नाही.

गोव्याचा मोह जास्त. बांद्यापलीकडे पेट्रोल स्वस्त, म्हणून टायरही स्वस्त असणार असं आपण धरून चालतो. पण पेट्रोल आणि दारू जीएसटीच्या बाहेर आहेत, त्यांवर प्रत्येक राज्य आपला कर लावतं. टायर जीएसटीत आहे. म्हापशात १८ टक्के, कुडाळात १८ टक्के. "एमआरएफची फॅक्टरीच गोव्यात आहे" हेही मला तिघांनी सांगितलं. आहे, फोंड्याजवळ उसगावला. (हा फोंडा गोव्यातला, आपला घाटाचा नव्हे.) पण फॅक्टरीच्या दारात राहणाऱ्यालाही टायर डीलरकडूनच घ्यावा लागतो. गोव्यात फरक पडला तर तो दुकानादुकानांतल्या चढाओढीमुळे. मला मिळालेला फरक नगामागे शंभराच्या आत होता.

गावात घेण्याचं खरं कारण वेगळं. सहा महिन्यांनी स्टिअरिंग थरथरायला लागलं किंवा फुगा आला, तर तुम्ही जाणार कुठे? गावातला दुकानदार रोज रस्त्यात भेटतो. गावातला भाव दूरच्यापेक्षा एकूण पाचशे-सातशेने जास्त पडला, तरी मी गावात घेईन. फरक दोन हजारांवर गेला तर बाहेरचं कोटेशन मोबाइलवर दाखवून विचारेन, "जुळवता का?" बहुतेकदा टायरचा भाव तसाच राहतो, पण अलाइनमेंट फुकट होतं किंवा जुन्या टायरचे जास्त मिळतात. मागायचं तेच मागा.

वेळही सांभाळा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कुणी टायर घ्यायला जाऊ नये. चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग असते, अलाइनमेंट घाईत उरकतात आणि भाव कुणी ऐकून घेत नाही. मेचा दुसरा पंधरवडा चांगला. पाऊस सुरू व्हायच्या आत नवे टायर थोडे चाललेले असतात.

कंपनी कोणती, यावर मी फार बोलणार नाही. नावाजलेल्या सात-आठ कंपन्यांत प्रत्येकीचे दोन प्रकार असतात, जास्त किलोमीटर चालणारा आणि जास्त पकडणारा. जास्त चालणाऱ्याचं रबर साधारणपणे कडक. महिन्याला तीन हजार किलोमीटर चालवणाऱ्याने पहिला घ्यावा. माझ्यासारखीने दुसरा. चार महिने ओल्या रस्त्यावर चालवायचंय.

६. दुकानात: तारीख बघितल्याशिवाय टायर रिमवर चढू देऊ नका

मी फसले ती इथे. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर एक सांकेतिक क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे लंबगोल चौकटीत असतात. १२२५ म्हणजे २०२५ सालचा बारावा आठवडा. दुकानात मला एक टायर दाखवला, तारीख ताजी होती, मी खूश होऊन आत खुर्चीत जाऊन बसले. घरी येऊन बघते तर तीन चाकांवर तारीख होती, चौथ्यावर नाहीच. ही पूर्ण तारीख टायरच्या दोन्ही बाजूंना असतेच असं नाही, पुष्कळदा एकाच बाजूला असते. संध्याकाळी अंगणात गोणपाट टाकून गाडीखाली आडवी झाले, टॉर्च मारला. आत होती तारीख. बाकीच्या तिघांपेक्षा सव्वादोन वर्षांनी जुनी.

दुसऱ्या दिवशी गेले. आधी "गोडाऊनमध्ये सावलीत ठेवलेला माल आहे, काही होत नाही" झालं. मी हलले नाही. शेवटी बदलून मिळाला, पण अर्धा दिवस गेला आणि बॅलन्सिंग पुन्हा करावं लागलं. सावलीत नीट ठेवलेला टायर वर्षभरात बिघडत नाही, हे खरं आहे. पण मग जुन्या मालाला जुन्या मालाचा भाव हवा. माझा नियम: सहा महिन्यांच्या आतला असेल तर पूर्ण भाव, वर्षापर्यंतचा असेल तर घासाघीस, त्यापुढचा नको.

तेव्हा चारही टायर जमिनीवर आडवे ठेवायला सांगा, चारही तारखांचे फोटो काढा, मग चढवा म्हणा. आयएसआयचा शिक्का बघा, तो आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या टायरवर बंधनकारक आहे. काही टायरवर आउटसाइड असं छापलेलं असतं, ती बाजू बाहेरच यायला हवी. काहींवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो.

दोनच टायर घेत असाल तर नवे मागे घाला. दुकानदार म्हणेल, इंजिनची ताकद पुढे, नवे पुढे. पण ओल्या वळणावर पुढची चाकं सरकली तर गाडी सरळ जाऊ बघते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची सरकली तर गाडी गर्रकन फिरते. टायर कंपन्याही नवी जोडी मागेच घालायला सांगतात.

७. फिटिंग आणि अलाइनमेंट

नवे वॉल्व्ह घालायला लावा, चार रबरी नळ्यांची ती किंमत काय. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक फिरून शेवटी दोन्हीकडे शून्य दिसेपर्यंत तिथेच उभ्या राहा.

अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा असा दोन्ही रकान्यांचा कागद मागा. लाल रकाने हिरवे झाले पाहिजेत. स्विफ्टसारख्या छोट्या गाड्यांत प्रत्यक्ष जुळवता येतो तो मुख्यतः पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकं समोरून किती आत-बाहेर वळलीत ते. म्हणून कुणी कॅम्बरचे (चाक उभ्यात किती कललंय त्याचे) वेगळे हजार रुपये सांगू लागला, की "कागदावर दाखवा, किती अंश बाहेर आहे" एवढंच म्हणा. "खालचा आर्म (चाकाला धरून ठेवणारा दांडा) गेलाय" असं निघालं तर गाडी वर असतानाच तो हलवून दाखवायला सांगा, आणि बदलायचा की नाही ते आपल्या नेहमीच्या मेकॅनिकला विचारून ठरवा.

नट हवेच्या गनने कोंबून आवळतात. शेवटी हाताच्या पान्याने आवळायला सांगा. नाहीतर रात्री रस्त्यात पंक्चर झालं की तुमच्याच्याने तो नट सुटत नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा तपासून घ्या. हवा स्टिकरवर लिहिलीय तेवढीच.

८. बिल आणि वॉरंटी

बिलावर कंपनी, मॉडेल, साइज आणि प्रत्येक टायरचा क्रमांक हवा. गाडीचा नंबर आणि रीडिंगही लिहून घ्या. वॉरंटी कार्ड असेल तर त्यावर दुकानाचा शिक्का. काही कंपन्या ऑनलाइन नोंदणी करायला लावतात, ती दुकानातच उभ्याउभ्या करून टाका.

वॉरंटी ही बनावटीतल्या दोषासाठी असते, आणि टायर जेवढा झिजलाय तेवढे पैसे कापून बाकीची सूट मिळते. खड्ड्याने आलेला फुगा सहसा त्यात बसत नाही. काही मॉडेलना ठरावीक मुदतीपर्यंत तोही बदलून मिळतो. तसं सांगितलं तर कार्डावर ते वाक्य कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

९. नंतरचं थोडं

पहिले शंभर-दोनशे किलोमीटर जपून, नवं रबर जरा निसरडं असतं. दर आठ-दहा हजारांनी चाकांची अदलाबदल. स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा बघा, तीच आपण विसरतो.

जुने टायर दुकानातच द्या. घरी आणलेत तर परड्यात पडतात, जूनमध्ये पाणी साचतं आणि डास होतात. मी तीन टायरचे पैसे वजा करून घेतले आणि एक टायर मागून आणला, कारण मालवणचा मामेभाऊ केव्हापासून मागे लागला होता. आता तो टायर त्याच्या होडीच्या कुशीला बांधलेला आहे, धक्क्याला लाकूड घासू नये म्हणून. आतली कड गोटा असली तरी त्याचं तिथे काही अडत नाही.